नव्वद दिवसांचा झाडू

तळमजल्यावरच्या मावशींनी जिन्यात पाय ठेवला की बातमी त्यांच्या आधी गच्चीवर पोचलेली असते. त्या आठवड्यातली बातमी अशी होती, की तिसऱ्या मजल्यावरच्या सर्व्हरकाकांनी बायको जाऊन पुरते पाच महिनेही झाले नाहीत तोवर तिचं नाव ऑफिसातून पुसून टाकलं. "पुसलं म्हणजे समूळ पुसलं! लादीवाल्यानं वहिनींच्या पत्त्यावर मेल टाकला, तर उलट टपाली उत्तर, की या नावाची व्यक्ती अस्तित्वात नाही. आता बोला! मेलेल्या माणसाला तरी असं कुणी म्हणतं का?" इथवर मावशींचा शब्दन् शब्द खरा होता. पण नुसत्या खऱ्यावर त्यांचं कधी पोट भरत नाही, म्हणून पुढचं त्यांनी पदरचं घातलं. "दुसरी येणार असेल. त्याशिवाय इतक्या घाईनं जागा कोण रिकामी करतं?"

दुसरी-बिसरी कुणी नव्हती. नाव पुसलं गेलं होतं, पण ते काकांनी पुसलं नव्हतं. पुसलं होतं त्यांच्या झाडूनं. आता झाडू त्यांनीच बांधलेला, त्यांनीच शिकवलेला, ही गोष्ट वेगळी. की तीच सगळी गोष्ट, कोण जाणे.

काकांचा धंदा मावशींना कधी समजला नाही. "कॉम्प्युटरवाले ना तुम्ही? मग आमचा टीव्ही बघा की जरा," असं त्या दर दोन महिन्यांनी म्हणायच्या आणि काकांच्या अंगाचा दर दोन महिन्यांनी तिळपापड व्हायचा. काका छोट्या धंदेवाल्यांचे सल्लागार होते. दातांच्या कवळ्या करणारी प्रयोगशाळा, चष्म्याचं दुकान, छापखाना, लाद्यांचं गोदाम, अशी वीसेक गिऱ्हाइकं. प्रत्येकाकडे कुठेतरी जिन्याखाली नाहीतर संडासाच्या शेजारी एक धुळकट खोकं गुरगुरत असायचं. त्याला सर्व्हर म्हणायचं, आणि त्या धंद्याचा जीव त्या खोक्यात. खोक्यावर कुणी पाण्याची बाटली ठेवलेली, कुणी ओला पंचा वाळत घातलेला. काका ते बघून कपाळावर हात मारत आणि आतला सगळा ऐवज उचलून क्लाउडवर नेऊन ठेवत.

"म्हणजे नेमका कुठे?" लादीवाल्यानं विचारलं होतं.

"दुसऱ्याच्या घरातलं कपाट समज. भाडं आपण द्यायचं, किल्ली आपल्याकडे. आणि त्याचं घर तुझ्या गोदामापेक्षा पक्कं आहे, तिथे कुणी ओला पंचा टाकत नाही."

माणूस हुशार, पण जिभेला धार. गिऱ्हाईक टिकायचं ते वहिनींमुळे. ऑफिस म्हणजे मागच्या गल्लीतली एक खोली, समोरासमोर दोन टेबलं, मध्ये एक बाद झालेला सर्व्हर. त्याच्यावर वहिनींनी झाडाची कुंडी ठेवली होती. काका म्हणत, पाणी आत जाईल. वहिनी म्हणत, गेलं तर गेलं, मेलेल्याला कसली सर्दी. फोन घ्यायच्या वहिनी, वेळा ठरवायच्या वहिनी, कुणाची मुदत कधी संपते ते लक्षात ठेवायच्या वहिनी. ऑफिसचा म्हणून जो पत्ता होता तो वहिनींच्याच खात्याचं दुसरं नाव. काका आत यंत्राशी भांडत आणि बाहेर वहिनी माणसांची समजूत काढत.

झाडू जन्माला आला तो छापखान्याच्या भानगडीतून. तिथला व्यवस्थापक भांडून सोडून गेला, पण त्याचं खातं बंद करायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. गडी दोन वर्षं घरी बसून जुन्याच पासवर्डनं आत शिरत होता आणि गिऱ्हाइकांची यादी नव्या मालकाला पुरवत होता. काकांना तो स्वतःचा अपमान वाटला. चार दिवस बसून त्यांनी एक नियम लिहिला आणि सगळ्या गिऱ्हाइकांकडे लावला. नव्वद दिवस ज्या खात्यात कुणी शिरलं नाही ते खातं आपोआप बंद. मग तीस दिवस कचराकुंडीत. त्या तीस दिवसांत कुणी आठवण काढली तर परत, नाहीतर कायमचं साफ. आधी सूचना जाणार, तीन वेळा. वहिनींनीच त्याचं नाव झाडू ठेवलं.

"अहो, पण कुणी आजारीबिजारी असलं तर?"

"नव्वद दिवस? नव्वद दिवस आजारी पडलेल्याला मेलची काळजी कशाला असेल?"

"तुमचा झाडू माणूस बघत नाही, नुसती धूळ बघतो."

"झाडूनं धूळच बघायची असते," काका म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. लोकांना सांगायचं ते आधी आपण करावं, असं त्यांचं तत्त्व. म्हणून पहिला झाडू त्यांनी आपल्या दोन माणसांच्या ऑफिसला लावला. मेलची वेगळी प्रत ठेवायची सोय मात्र आपल्या ऑफिसपुरती नको म्हणाले. "दोन टेबलांत कोण चोरी करणार?" हेच वाक्य एखादं गिऱ्हाईक बोललं असतं, तर त्याला अर्धा तास उभं धरलं असतं.

वहिनी आजारी पडल्या आणि सहा आठवड्यांत आटोपल्या. इस्पितळात शेवटी बोलायला धाप लागायची, म्हणून फोनवर एका बोटानं काहीबाही टाइप करत बसायच्या. एका दुपारी काका डबा घेऊन गेले तेव्हा म्हणाल्या, "तुमच्यासाठी लिहून ठेवलंय. ड्राफ्टमध्ये आहे. पाठवलं नाही, पाठवलं की तुम्ही इथेच वाचत बसाल आणि तोंड पाडाल. नंतर वाचा. सवडीनं." लेक खुर्चीवर बसून ऐकत होती. त्यानंतर आठव्या दिवशी वहिनी गेल्या.

सवडीनं. आता सवड म्हणजे तरी काय? सवड तर आता इतकी होती की अंगावर येत होती. लेक आपल्या गावी परत गेली. तिला नोकरी, दोन पोरं. काका रोज ऑफिसात जाऊन स्वतःच्या टेबलाशी बसत आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ यावी म्हणून त्यांनी टेबल फिरवून घेतलं. सगळ्या गिऱ्हाइकांना कळवून टाकलं, की यापुढे थेट मला लिहा. वहिनींचं खातं उघडायला त्यांना एक मिनिट लागलं असतं. पासवर्ड पाठ होता. दोनतीनदा अर्धा टाइपही केला. मग एकदा चष्मेवाल्याचा फोन आला, एकदा कुंडीला पाणी घालायचं आठवलं, एकदा काहीच झालं नाही आणि तरी त्यांनी पडद्यावरची खिडकी मिटली.

दर रविवारी लेक फोन करायची. "बाबा, वाचलंस?"

"वाचतो गं."

पाचव्या रविवारी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वाचलं."

मग लेक म्हणाली, "काय लिहिलंय?"

"आमच्या दोघांतलं आहे."

"बरं झालं वाचलंस," ती म्हणाली, आणि आवाजावरून काकांना कळलं की ती रडते आहे. खोटं बोललेलं माणूस मग ते खोटं खरं करायला धावतं, असं म्हणतात. काका उलटे, त्यांनी त्या दिवसापासून खात्याचं नावच घेतलं नाही. आता कुणी विचारणारही उरलं नव्हतं.

आणि तिकडे झाडू इमानेइतबारे दिवस मोजत होता.

सूचना त्यानं तीन वेळा दिली. सात दिवस आधी, तीन दिवस आधी, एक दिवस आधी. 'हे खातं वापरात नाही, लवकरच काढून टाकण्यात येईल.' तिन्ही सूचना ऑफिसच्या पत्त्यावर गेल्या, कारण सूचना बघायचं काम वहिनींचं. म्हणजे वहिनींना पुसतोय हे झाडूनं रीतसर वहिनींनाच कळवलं, आणि वहिनींनी हरकत घेतली नाही.

वहिनी गेल्याच्या एकशे तेविसाव्या दिवशी लादीवाल्याचा फोन आला.

"साहेब, वहिनींचा पत्ता बंद झाला का? मशीन बिल छापत नाही म्हणून लिहिलं होतं."

"वहिनींना? अरे, मी सगळ्यांना कळवलं होतं, मलाच लिहा म्हणून."

"आलं असेल. माझ्याकडे अकरा हजार मेल पडलेत साहेब, तुम्हीच ओरडता ना साफ कर म्हणून. मला काही सापडत नाही. वहिनींचा एक जुना मेल सापडतो, त्यालाच उत्तर देतो दर वेळी."

काकांनी फोन टेबलावर तसाच ठेवला आणि यंत्रात शिरले. खात्यांच्या यादीत एकच नाव होतं. कचराकुंडी उघडली. रिकामी. तारखा मोजल्या. बोटांवर मोजल्या, मग कॅलेंडरवर. तीन दिवस. तीन दिवसांनी चुकलं होतं. टेबलावरून लादीवाला ओरडत होता, "साहेब? आहात का? बिलाचं काय करू?"

ज्या कंपनीचं कपाट भाड्यानं घेतलं होतं तिच्या मदतकेंद्राला त्यांनी फोन लावला. मुलीचा आवाज गोड होता.

"सर, खातं आपल्या धोरणानुसारच काढलं गेलंय."

"ते मला माहीत आहे. ते परत कसं आणायचं ते सांगा."

"सर, मुदत संपल्यावर ते परत येत नाही."

"तुमच्या वरच्याला द्या."

"देते सर, पण तेही हेच सांगतील. हे धोरण आपल्याकडे कुणी ठरवलंय ते विचारू शकते का? म्हणजे त्यांच्याशी बोलून पुढच्या वेळी..."

"मीच," काका म्हणाले.

"सर, वेगळी प्रत ठेवली होती का?"

हा प्रश्न काकांनी आजवर किती जणांना विचारला असेल! आणि उत्तर नाही आलं की पुढे जो सुस्कारा टाकायचा, तोही अगदी तस्साच त्या मुलीनं टाकला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. काकांनी तिचे आभार मानले. ती म्हणाली, "आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

लेकीला सांगणं उरलं होतं. रविवारपर्यंत थांबले नाहीत, त्याच संध्याकाळी फोन केला. आधी झाडूची सगळी हकीगत सांगितली, सूचना, कचराकुंडी, तीन दिवस, अगदी गिऱ्हाइकाला समजावावं तशी. लेक ऐकत होती.

"मग जाऊ दे ना बाबा. तू वाचलं होतंस ना? आठवेल तेवढं लिहून काढ."

काकांनी चष्मा काढून ठेवला.

"बाबा?"

"नव्हतं वाचलं."

फोनमध्ये मागे पोरांची भांडणं ऐकू येत होती. मग ती म्हणाली, "म्हणजे एकदा जरी आत गेला असतास, तरी ते राहिलं असतं?"

"हो. एकदा गेलं की मोजणी पहिल्यापासून सुरू होते."

"एकदा," लेक म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पण पोरगी आईवर गेलेली. शनिवारी दुपारी दारात हजर. जिन्यात मावशींनी गाठलीच, "वडिलांचं काही नवीन ऐकलंस का गं?" म्हणून. तिनं बॅग उचलली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही ऐकलंत ना, मग झालं. इमारतीत एकानं ऐकलं की पुरतं." वर येऊन चपला काढायच्या आत तिनं विचारलं, "आईचा फोन कुठाय?"

काका बघतच राहिले. फोन! वहिनींनी लिहिलं होतं ते फोनवर. मेल आधी फोनमध्ये उतरतात, मग तिथेच पडून असतात. तो फोन तेव्हापासून बंद होता, म्हणजे खातं गेल्याची खबर त्याला पोचलीच नसणार. इस्पितळातून आणलेली पिशवी कपाटावर होती तशीच होती, कुणी सोडली नव्हती. लेक खुर्चीवर चढली. पिशवीत कंगवा, चष्म्याची डबी, पायमोजे, वर्तमानपत्राची घडी आणि तळाशी फोन.

तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार्जिंगला लावला. दोघं समोर उभी राहिली, दूध उतू जाऊ नये म्हणून उभं राहावं तशी. दहा मिनिटांनी पडदा उजळला. काकांनी पासवर्ड सांगितला, लेकीनं टाकला. मेल उघडला. ड्राफ्ट. एकच ओळ होती. विषय नाही. त्याच्याखाली फिकट अक्षरांत पहिले शब्द दिसत होते: 'अहो, आधी हसू नका.'

"बाबा, आहे! बाबा, आहे!" लेक ओरडली, आणि तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

पडदा पांढरा झाला. मग एक वाक्य आलं, की हे खाते आता अस्तित्वात नाही आणि या उपकरणातील माहिती सुरक्षेसाठी काढून टाकण्यात आली आहे. मग नुसती रिकामी यादी.

कोपऱ्यात वायफायच्या तीन कमानी शांतपणे उजळल्या होत्या. घरात शिरलेला ओळखीचा फोन आपोआप जोडला जावा, अशी व्यवस्था काकांनी स्वतः केली होती. वहिनींना पासवर्ड टाकायचा कंटाळा म्हणून. आणि खातं गेलं की फोनमधलंही जावं, हा त्यांच्याच झाडूचा शेवटचा फटकारा. सोडून गेलेल्या व्यवस्थापकाच्या खिशात आपलं काही राहू नये म्हणून. फोन जागा झाला, घरातलं वायफाय ओळखलं, पलीकडे विचारून आला आणि सांगितल्या कामाला चुकला नाही. कुठल्याही गिऱ्हाइकाला काकांनी फोनला हात लावायच्या आधी हेच सांगितलं असतं, की बाबा रे, अगोदर घरातलं वायफाय बंद कर. भिंतीवरचं एक बटण. ओट्यापासून चार पावलांवर.

लेकीनं त्या कमानींकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं. "वायफाय," एवढंच म्हणाली.

"हो," काका म्हणाले.

ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फोन पुसला, चार्जर गुंडाळला आणि पिशवीत कंगव्याशेजारी परत ठेवला. मग दोघं ओट्याशी टेकून जमिनीवर बसली. कुणी कुणाला जवळ घेतलं ते विचारू नका, घरातल्या चार भिंतींत घडलेलं सगळंच जिन्यात यावं असं नाही.

रविवारी ती गेली. सोमवारी काका ऑफिसात गेले आणि झाडू बंद केला. दोन तास तसेच बसले. मग पुन्हा चालू केला, कारण छापखान्याचा तो व्यवस्थापकही खराच होता. पण नियम बदलला. आता नव्वद दिवस भरले की खातं बंद होत नाही, काकांच्या फोनची घंटी वाजते. मग ते स्वतः त्या धंद्यात फोन करतात. "तुमच्याकडच्या अमुक बाई तीन महिने दिसल्या नाहीत. बऱ्या आहेत ना?" गिऱ्हाइकं वैतागतात. कवळ्यांच्या प्रयोगशाळेची मालकीण तर म्हणाली, "काका, ती लग्न करून गेली, तिला विसरा आता." काका म्हणाले, "लग्न करून गेली, एवढं लेखी द्या."

पंधरा दिवसांनी लादीवाला ऑफिसात आला. हातात जाडजूड फाइल. टेबलावर ठेवली आणि उभाच राहिला.

"वहिनींचे मेल आहेत, साहेब. नऊ वर्षांतले. छापून आणले. आम्ही काही पुसत नाही, तुम्हाला माहितीये."

ज्या अकरा हजार मेलवरून काकांनी त्याचं डोकं खाल्लं होतं, त्यातले हे तीनशेबारा. तो गेल्यावर काकांनी फाइल उघडली. प्रेमाची पत्रं थोडीच असणार होती? 'उद्या अकराला येतील. खोक्यावरची बाटली तेवढी उचलून ठेवा, नाहीतर माझं डोकं खातील.' 'ओरडले तर मनावर घेऊ नका, चष्मा सापडला नाही की ओरडतात.' 'चहात साखर नको, मागितली तरी नको.' 'काल तुमच्याकडून आले ते दिवसभर गाणं गुणगुणत होते. काम छान झालं वाटतं. तुम्ही त्यांना सांगू नका मी सांगितलं.'

नऊ वर्षं ती त्यांच्या पाठीमागे त्यांच्याबद्दल लोकांना असं काहीबाही कळवत होती. त्यांना पत्ता नव्हता. काका रोज दुपारी दोन पानं वाचतात, जास्त नाही. टेबल पुन्हा पहिल्यासारखं फिरवून घेतलंय. समोर कुंडी, तिच्यामागे खुर्ची.

मावशींची दुसरी काही आली नाही. त्यामुळे मावशी जरा हिरमुसल्या, पण हार मानणाऱ्यातल्या नव्हेत. खरी हकीगत तुकड्यातुकड्यांनी त्यांच्या कानी आलीच, आणि परवा काका भाजी घेऊन जिना चढत होते तेव्हा त्यांनी कठड्याला हात लावून वाट अडवली.

"चुकलंच माझं, भलतंसलतं बोलले. पण एक विचारू का? ती बिचारी एका बोटानं लिहून गेली, आणि तुम्ही चार महिने तसंच ठेवलंत. नुसतं उघडून वाचायला काय जात होतं हो तुमचं?"

काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मावशी, वाचलं असतं तर एका दुपारीत संपलं असतं. आता जन्मभर पुरेल."